अक्कलदाढ काढून घरी आल्यावर: पहिल्या तासापासून महिनाभरापर्यंत

खालची, आडवी अडकलेली अक्कलदाढ काढायची म्हणजे हिरडी कापून बाजूला सारायची, दाढेभोवतीचं थोडं हाड ड्रिलने कमी करायचं, बहुतेक वेळा दाढेचेच दोन-तीन तुकडे करून ते एकेक काढायचे आणि वर टाके घालायचे. हे सगळं दवाखान्यातल्या खुर्चीत साधारण तासाभरात उरकतं आणि पेशंट दातांत बोळा दाबून, हातात औषधांची चिठ्ठी घेऊन घरी येतो. जखम भरायचं काम मात्र घरीच होतं, आणि ते नीट होईल की बिघडेल हे बरंचसं पहिल्या चार दिवसांतल्या वागण्यावर ठरतं.

इथे जबड्यापुरती भूल देऊन एका बाजूची खालची दाढ काढलेल्या, एरवी धडधाकट माणसाचा हिशेब धरला आहे. तुमच्या डॉक्टरांनी एखादी गोष्ट वेगळी सांगितली असेल तर तीच पाळा. तुमचा एक्स-रे आणि आतलं हाड त्यांनी पाहिलेलं असतं.

सगळ्या सूचनांच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत. पहिली, दाढेच्या खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी जपायची. कातडीवरच्या जखमेला खपली असते, तशी ही आतली खपली. तिच्या आधाराने नवं मांस आणि पुढे हाड भरत जातं. ती सुटली तर खालचं हाड उघडं पडतं. दुसरी, दुखणं किती आहे यापेक्षा ते कोणत्या दिशेने चाललंय यावर लक्ष ठेवायचं. सूज तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते, ती वाढणारच. दुखणं मात्र पहिल्या एक-दोन दिवसांनंतर रोज थोडं तरी उतरायला हवं.

पहिले काही तास

बोळा ४५ मिनिटं ते एक तास घट्ट चावून धरा. तेवढा वेळ बोलायचं नाही, आणि रक्त थांबलं का ते पाहायला बोळा सारखा काढायचा नाही. प्रत्येक वेळी काढताना बनत आलेली गुठळी त्याच्याबरोबर निघते. वेळ झाल्यावर बोळा कोरडा होऊन चिकटला आहे असं वाटलं, तर त्यावर घोटभर गार पाणी घेऊन तो ओला करा आणि मग हलकेच काढा.

त्यानंतर २४ तास थुंकी गुलाबी येते. थेंबभर रक्त लाळेत मिसळलं की तोंडभर रक्त आल्यासारखं दिसतं, त्याने घाबरू नका. लाळ गिळा. थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, जीभ जखमेवर फिरवायची नाही. थुंकताना आणि ओढताना तोंडात जो ओढा तयार होतो तो गुठळी उचकटायला पुरेसा असतो. शहाळ्याचं पाणीसुद्धा पेल्यात ओतून घ्या.

रक्त खरोखरच वाहत असेल, म्हणजे तोंड पुन्हा पुन्हा ताज्या लाल रक्ताने भरत असेल, तर ताठ बसा. खड्ड्यावर काळपट, बुळबुळीत, लोंबता गोळा तयार झाला असेल तर तो ओल्या गॉझने टिपून घ्या; तो राहिला तर त्याच्या कडेने रक्त झिरपत राहतं. मग गॉझची जाड घडी करा, पाण्यात भिजवून पिळा आणि नेमकी खड्ड्यावर ठेवा. इथेच सगळ्यांची चूक होते: घडी पुढच्या दाढांवर बसते आणि दाब जखमेवर येतच नाही. बोटाने ती अगदी मागे, शेवटच्या दाढेच्याही पलीकडे सरकवायची आणि घड्याळ लावून ३० मिनिटं चावून धरायची. गॉझ संपला असेल तर धुतलेला सुती रुमाल चालतो. साध्या काळ्या चहाची टी-बॅग भिजवून, पिळून, गार करून ठेवली तरी चालते. चहातल्या टॅनिनमुळे रक्त थांबायला मदत होते. सुटा कापूस नको, त्याचे धागे जखमेत अडकतात. असं नीट दाबून धरूनही दोनदा रक्त थांबलं नाही, तर डॉक्टरांना फोन करा.

खालचा ओठ आणि त्या बाजूची जीभ तीन ते पाच तास बधिर राहते. या वेळात ओठ किंवा गाल आतून चावला जातो आणि कळतही नाही. विशीच्या आतल्या मुलामुलींकडे तर लक्षच ठेवावं लागतं. गरम चहा याच कारणाने नको. वेदनाशामक गोळीचा पहिला डोस मात्र बधिरपणा उतरायच्या आधीच घ्या, अर्धी वाटी दही किंवा गार दूध पोटात घालून. ठणका सुरू झाल्यावर गोळी घेतली तर ती काम करायला लागेपर्यंतचा पाऊण-एक तास फार कठीण जातो.

बर्फ पहिल्या दिवशी सगळ्यात उपयोगी. फ्रीझरमधली मटारची पिशवी सगळ्यात सोयीची, कारण ती गालावर नीट बसते. ती नॅपकिनमध्ये गुंडाळून १५ ते २० मिनिटं लावा, तेवढाच वेळ काढा, जागे असेपर्यंत हे चालू ठेवा. बर्फ थेट कातडीवर नको. ४८ तासांनंतर त्याचा उपयोग उरत नाही; तेव्हा गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने बाहेरून शेका.

रात्री दोन-तीन उशा घेऊन डोकं उंच ठेवा आणि उशीवर जुना टॉवेल टाका. झोपेत गुलाबी लाळ गळते. आडवं झाल्यावर ठणका वाढतो, म्हणून पुष्कळ जण पहिली रात्र आरामखुर्चीत काढतात, त्यात वावगं काही नाही.

औषधं

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. पहिले दोन-तीन दिवस वेदनाशामक गोळ्या दुखायची वाट न पाहता चिठ्ठीवरच्या वेळेनुसार, खाल्ल्यावरच घ्यायच्या. पण चिठ्ठीतल्या गोळीने भागलं नाही म्हणून घरातली दुसरी गोळी वर टाकू नका. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं. झेरोडॉल-पीमध्ये असेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल असतं. नावं वेगळी दिसतात म्हणून दोन्ही घेतल्या, तर एकाच जातीची दोन वेदनाशामकं पोटात जातात. पोटात व्रण होण्याचा आणि मूत्रपिंडावर ताण येण्याचा धोका वाढतो. केटोरोलॅकची पाण्यात विरघळणारी गोळी दातांचे डॉक्टर बरेचदा देतात, तिलाही हेच लागू. ती चांगली लागू पडते, पण पाच दिवसांच्या वर घ्यायची नसते. पॅरासिटामॉलची बेरीजही मांडून ठेवा: धडधाकट प्रौढ माणसाला सगळ्या गोळ्या मिळून २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा; वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल तर त्याहून बरीच कमी, आणि ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायची.

अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असेल तर आयबुप्रोफेनच्या जातीची कोणतीही गोळी विचारल्याशिवाय नको. हृदयासाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारं दुसरं काही चालू असेल, तर रक्त येतंय म्हणून ते स्वतःच्या मनाने बंद करू नका.

अँटिबायोटिक सगळ्यांना लागत नाही. दिलं असेल तर सांगितलेले दिवस पूर्ण घ्या. मेट्रोनिडॅझोलने तोंडाला धातूची चव येते, ती औषधासोबत जाते. त्यावर दारू अजिबात नको, औषध संपल्यावरही किमान ४८ तास नको. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटने पोट बिघडू शकतं, म्हणून ते जेवणाबरोबर घ्या. अंगावर पित्त उठलं, ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर गोळी तिथेच थांबवून लगेच डॉक्टर गाठा.

मधुमेह असलेल्यांनी एक हिशेब आधीच करून ठेवावा. खाणं निम्म्यावर येतं, पण साखरेची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीएवढंच घेतलं जातं आणि साखर खाली येते. त्या चार दिवसांत औषधाचं प्रमाण काय ठेवायचं ते दाढ काढायच्या आधीच विचारून घ्या आणि ग्लुकोमीटर हाताशी ठेवा.

लवंगेचं तेल, हळद, तुरटी, ठेचलेली लवंग, ॲस्पिरिनची पूड यांतलं काहीही जखमेत घालू नका. लवंगेचं तेल किडलेल्या दातावर काम देतं, ताज्या जखमेत ते भाजतं. ॲस्पिरिनने हिरडी अक्षरशः पांढरी पडून सोलते.

काय खायचं

घरातली मोठी माणसं भात, केळं, दही बंद करायला सांगतात, पू होईल म्हणून. पू जंतूंमुळे होतो. भाताने नाही, दह्याने नाही. उलट हेच पदार्थ या दिवसांत सगळ्यात सोयीचे.

पहिल्या दिवशी गार किंवा कोमट आणि न चावता गिळता येईल असं: ताक, दही, लस्सी, गार दूध, नाचणीचं सत्त्व किंवा आंबील कोमट करून, कुस्करलेलं केळं, सुक्या मेव्याशिवायचं आईस्क्रीम. दुसऱ्या दिवसापासून उकड्या तांदळाची पेज, गुरगुट्या भात-तूप-मेतकूट, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, घोटलेलं वरण. चौथ्या दिवसापासून दुधात भिजवून कुस्करलेली पोळी, मऊ शिरा, इडली, अंड्याची भुर्जी, कुस्करलेला बटाटा. चावणं दुसऱ्या बाजूने. प्रोटीन कमी पडू देऊ नका, जखम त्यावरच भरते. वरण, दही, अंडं, कुस्करलेलं पनीर यांपैकी काहीतरी दोन्ही वेळेला असू द्या. पाणी भरपूर प्या, तोंड कोरडं पडलं की वास येतो आणि दुखतंही जास्त.

फोडणीतल्या मोहरीकडे कुणाचं लक्ष जात नाही. मोहरी, जिरं, तीळ, खसखस, डाळिंबाचे आणि टोमॅटोचे दाणे बरोब्बर खड्ड्यात जाऊन बसतात. पहिला आठवडा वरणाला नुसती तूप-हिंगाची फोडणी द्या किंवा फोडणी गाळून घाला. शेव, चिवडा, फरसाण, शेंगदाणे, पापड, कडक भाकरीचा पापुद्रा, ठेचा हे दोन आठवडे बाजूला. उपवास या आठवड्यात नको: औषधं उपाशीपोटी जातात आणि साबुदाणा खड्ड्यावर चिकटून बसतो.

दुसऱ्या दिवसापासून

२४ तास झाले की मिठाच्या पाण्याने तोंड धुवायला सुरुवात करा. पेलाभर, म्हणजे साधारण २०० मिली कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ. जास्त मिठाने जखम झोंबते, फायदा वाढत नाही. खळखळून चूळ भरायची नाही. घोट तोंडात घ्या, मान हळू दोन्ही बाजूंना कलती करा, मग बेसिनवर वाकून ओठ सैल सोडा आणि पाणी आपोआप पडू द्या. प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपण्याआधी, दिवसातून पाच-सहा वेळा, आठवडाभर.

क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दिला असेल तर तोही २४ तासांनंतरच, दिवसातून दोनदा, आणि टूथपेस्टने दात घासल्यानंतर किमान अर्ध्या तासाने. पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्यामुळे त्याचा गुण कमी होतो. त्याने दातांवर तपकिरी डाग पडू शकतात आणि काही दिवस चव बदलते, म्हणून सांगितलेल्या दिवसांपेक्षा जास्त वापरू नका.

ब्रश टाळू नका. बाकीचे दात मऊ ब्रशने पहिल्या दिवसापासूनच घासायचे, फक्त जखमेच्या शेजारी दोन-तीन दिवस जायचं नाही आणि पेस्ट थुंकायची नाही, ओघळू द्यायची. दुखतंय म्हणून चार दिवस ब्रशच केला नाही तर जंतुसंसर्गाला वाट मोकळी होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहिल्यावर गाल सगळ्यात मोठा दिसतो, कधी गालाच्या खाली मानेपर्यंत निळसर-पिवळट डागही उतरतो. गिळताना घसा दुखतो, कानात कळ जाते, ओठांचे कोपरे ताणून चिरलेले असतात (तिथे तूप किंवा व्हॅसलिन लावा). खड्ड्यावर पांढरट-पिवळा थर दिसतो. तो पू नसतो. तो जखम भरतानाचा नैसर्गिक थर आहे. काडीने, बोटाने, ब्रशने खरवडायचा नाही.

जबडा आवळल्यासारखा होणंही ठरलेलंच. तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जाणं हे साधारण पूर्ण तोंड उघडणं. तिसऱ्या दिवशी एक बोट जेमतेम जातं. तेव्हापासून व्यायाम सुरू करा: आधी पाच मिनिटं गालावर शेक, मग दुखायला लागेल तिथपर्यंत तोंड उघडून दहा आकडे मोजेपर्यंत धरा, मिटा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. दर दोन दिवसांनी थोडं तरी जास्त उघडायला हवं. कमी होत चाललं असेल तर डॉक्टरांना सांगा.

जिम, धावणं, जड उचलणं, सूर्यनमस्कार, शीर्षासन चार-पाच दिवस बंद. कपालभाती आणि भस्त्रिका आठवडाभर नको. शंख, बासरी, ट्रम्पेट वाजवणाऱ्यांनी किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारावं. दुचाकीवर पूर्ण हेल्मेटचं गालाकडचं पॅड सुजेवर दाबतं, त्यामुळे आठवडाभर बस किंवा रिक्षा बरी. झोपेचं इंजेक्शन किंवा पूर्ण भूल दिली असेल तर २४ तास गाडी चालवायचीच नाही.

ड्राय सॉकेट आणि तंबाखू

दोन दिवस बरं वाटत होतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं उलटून वाढलं, कानाकडे आणि कानशिलाकडे कळा जायला लागल्या, गोळीने तासभरही उतरत नाही, तोंडाला घाण वास आणि चव आली, तर गुठळी सुटली आहे असं धरून चाला. आरशात खड्डा रिकामा, कधी तळाशी करडं-पांढरं हाड दिसतं. यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. हा साधा जंतुसंसर्ग नव्हे, म्हणून मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकने ते बरं होत नाही. डॉक्टर खड्डा सलाईनने धुतात आणि त्यात औषधी पट्टी भरतात. बहुतेकांना त्याच दिवशी आराम पडतो. पट्टी काही वेळा बदलावी लागते. दुखणं अंगावर काढून दहा दिवस तळमळण्यात काहीही अर्थ नाही.

खालच्या दाढेत याचं प्रमाण वरच्यापेक्षा बरंच जास्त. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्येही धोका जास्त, तेव्हा त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून ठेवा. पण टाळता येण्याजोगं सर्वात मोठं कारण तंबाखू. निकोटीनमुळे हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं, आणि सिगारेट-बिडी ओढताना पुन्हा तोच ओढा बसतो. आपल्याकडे ओढण्याइतकीच चघळण्याची सवय. तंबाखू-चुना, गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा यांचा चुना आणि सुपारीचे कण थेट जखमेत जातात. मशेरीचं तर विचारायलाच नको: ती दात घासायची म्हणून लावली जाते, घरातल्या बाईने सांगितल्याशिवाय डॉक्टरांनाही कळत नाही, आणि बोटाने चोळताना गुठळीच पुसली जाते. घरात आई, सासूबाई, आजी मशेरी लावत असतील तर त्यांच्याशी हे स्पष्ट बोला. किमान पहिले तीन दिवस पूर्ण बंद, आठवडाभर बंद ठेवली तर फार उत्तम. तलफ आवरत नसेल तर निकोटीनचा पॅच चालेल का ते विचारा. निकोटीन त्यातही असतं, पण ओढणं आणि चोळणं टळतं. निकोटीनचं च्युइंगगम नको.

वरची दाढ असेल तर

वरच्या दाढेची मुळं सायनसच्या पोकळीला लागून असतात. कधी दाढ निघताना मधला पातळ पडदा उघडतो. पाणी पिताना नाकातून आलं किंवा खड्ड्यातून हवा जाते असं जाणवलं, तर लगेच कळवा. तसा धोका डॉक्टरांनी सांगितला असेल तर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडं ठेवून द्यायची, जलनेती करायची नाही. वरची दाढ काढल्याने नजर अधू होते, हा समज मात्र चुकीचा आहे. डोळ्याची नस तिथून जातच नाही.

थांबू नका, अशा वेळी

सूज हनुवटीखाली किंवा मानेकडे पसरतेय, जीभ वर उचलल्यासारखी वाटतेय, लाळही गिळता येत नाही, आवाज बदललाय किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय: सकाळची वाट पाहू नका, रात्री-अपरात्रीही मोठं रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका येते. हा संसर्ग काही तासांत श्वासनलिका दाबू शकतो. डोळ्याकडे चढणारी सूज, १०१ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, जखमेतून पू, किंवा तिसऱ्या दिवसानंतर पुन्हा वाढू लागलेली सूज असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दुसऱ्या दिवशीही ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिरच असेल तर तेही त्याच दिवशी सांगा. दाढेखालून किंवा शेजारून जाणारी नस दुखावलेली असू शकते. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत ते महिन्यांत परत येते, पण सुरुवातीला कुठवर बधिर होतं याची नोंद झाली तर पुढे सुधारणा मोजता येते.

टाके आणि त्यानंतरचा महिना

काळे रेशमी टाके साधारण सातव्या दिवशी काढतात. विरघळणारे टाके दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुटतात, मध्येच धागा जिभेला लागला तर ओढू नका. टाके निघाले तरी खड्डा असतोच. वरची हिरडी महिन्याभरात झाकली जाते, आत हाड भरायला मात्र तीन ते सहा महिने लागतात. तोवर भात-भाजी आत अडकणार. डॉक्टरांनी परवानगी दिली की, साधारण आठवड्यानंतर, वाकड्या टोकाच्या प्लास्टिक सिरिंजने किंवा सुई काढलेल्या १० मिलीच्या सिरिंजने कोमट मीठपाण्याची हलकी धार खड्ड्याच्या कडेने सोडा, रात्रीच्या जेवणानंतर रोज. टूथपिक नको. हे नीट केलं नाही तर सगळं बरं झाल्यावर चौथ्या-पाचव्या आठवड्यात अचानक गाल सुजतो. अडकलेलं अन्न आत कुजलेलं असतं.

खोल अडकलेली दाढ निघाली असेल तर तिथला जबडा काही आठवडे कमकुवत असतो. दुखणं थांबल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, माणूस निर्धास्तपणे ऊस सोलतो, नळी फोडतो, सुपारी चावतो आणि कडकन आवाज होऊन जबड्याला चीर जाते. असं क्वचितच होतं, पण होतं. सहा आठवडे कडक काही त्या बाजूने चावू नका. आणि याच काळात हिरडीतून टोकदार, टणक काही जिभेला टोचायला लागलं, तर ती राहिलेली दाढ नसते बहुतेक, सुटलेल्या हाडाची बारीक कपची असते. ती बहुधा आपोआप पडते. टोचत राहिली तर डॉक्टर हिरडी बधिर करून चिमट्याने काढतात.